केस, त्वचा, नखं आणि ताटातलं अन्न: सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्या फोनवर येणाऱ्या फोटोंपैकी निम्मे कंगव्याचे असतात, उरलेल्यांत नखं, माना आणि लहान मुलांचे गाल. खाली "मॅडम, हे काय असेल?" अशी ओळ. विटा, तासगाव, जत, कराडकडून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. जिथं एकाचं उत्तर दुसऱ्यात आहे, तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रोज कंगव्यात केस येतात. किती गळणं नॉर्मल धरायचं?

दिवसाला ५० ते १०० केस जाणं नेहमीचं आहे. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात, त्यामुळं एवढ्यानं काही बिघडत नाही. तीन दिवसांनी न्हायलात तर तीन दिवसांचे केस एकदम मोरीत दिसतात आणि जीव घाबरतो. मोजत बसू नका. आधी वेणी केवढी यायची आणि आता केवढी येते, रबरबँडला पूर्वी दोन वेढे बसायचे तिथं आता तीन बसतात का, भांग रुंद झालाय का, हे बघा. एकाच जागी रुपयाएवढा गोल चट्टा पडला असेल तर प्रश्न १९ बघा.

२. महिनाभर सगळं नीट खातेय, तरी गळायचं थांबत नाही. असं का?

कारण आज हातात आलेला केस आज मेलेला नाही. केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग वाढ थांबवून दोन-तीन महिने नुसता मुळाशी बसून राहतो आणि त्यानंतर गळतो. ताप, ऑपरेशन, बाळंतपण किंवा उपासमार झाली की पुष्कळ केस एकदम या थांबलेल्या गटात जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. म्हणून मी "काल काय खाल्लं" हे नंतर विचारते. आधी विचारते, तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?

एक कॉलेजची मुलगी आली होती, तासगावकडची. फेब्रुवारीचा पहिला आठवडा. आजारबिजार काही नव्हता म्हणाली. तिच्या दोन्ही अंगठ्यांच्या नखांवर आडवी खाच होती, बोट फिरवलं की लागायची. मी पट्टी लावली. मुळापासून ९ मिलिमीटर. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे मागं तीन महिने. "दिवाळीच्या सुमारास काय झालं होतं?" तिला आठवेना. आईला आठवलं: डेंग्यू, चार दिवस सलाईन. नखाची वाढ त्या आठवड्यात थबकली, त्याची ती खाच. केसांचंही तेच झालं, फक्त ते आता गळत होते.

अशी गळती बहुतेकदा सहा महिन्यांत आपोआप ओसरते. चांगलं खाणं सुरू केल्यावर केसांत फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळं "१५ दिवसांत रिझल्ट" म्हणणाऱ्या बाटलीवर विश्वास ठेवायचं कारण नाही.

३. केसांना-नखांना नेमकं लागतं तरी काय?

दोन्ही बनतात केराटिनपासून आणि केराटिन म्हणजे प्रोटीन. ते बनवायला लोह, झिंक, बी गटातली जीवनसत्त्वं लागतात. पण आमच्याकडं सगळ्यात आधी अडतं ते प्रोटीनवर.

हिशेब करू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (आयसीएमआर-एनआयएन) २०२० च्या शिफारशीप्रमाणं रोज वजनाच्या किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. आता तिचा दिवस धरा: दोन-तीन चहा, बशीभर पोहे, दुपारी दोन ज्वारीच्या भाकरी आणि कूट घातलेली वांग्याची भाजी, संध्याकाळी चहा-खारी, रात्री भात आणि वरवरची पातळ आमटी. बेरीज ३३-३५ च्या पुढं जात नाही. त्यात आमटीतली डाळ तळाशी बसते आणि ती नवऱ्याच्या-पोरांच्या वाटीत जाते. हे मी शेकडो घरांतून ऐकलं आहे.

उरलेले ११-१३ ग्रॅम भरून काढायला पावडरचा डबा लागत नाही. मूठभर शेंगदाणे ७ ग्रॅम, एक अंडं ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट मटकीची उसळ ७-८ ग्रॅम. कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकनही आहे, आठवड्यातून दोनदा करा. हुलग्याचं माडगं माण-खटाव-जतच्या बाजूला अजून होतं, शहरात आल्यावर सुटलं. भाकरीच्या प्रोटीनमध्ये जे कमी असतं ते कडधान्यात असतं, म्हणून भाकरी-उसळ ही जोडी एकट्या भाकरीपेक्षा किंवा एकट्या उसळीपेक्षा भारी पडते.

ज्वारीचा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट. दख्खनमध्ये जवळपास निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांना पेलाग्रा (नायसिन या बी गटातल्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार) व्हायचा. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर, गळ्याभोवती हारासारखे काळपट, सोलवटणारे चट्टे यायचे. हैदराबादच्या पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास यावर काम केलं. भाकरीसोबत दुसरं काहीच नसलं की हा धोका असायचा. आता हा आजार क्वचित दिसतो, आणि दिसला तर बहुधा जेवणाऐवजी दारू पिणाऱ्यांत.

४. हिमोग्लोबिन १२ आहे, लॅबनं नॉर्मल लिहिलंय. मग लोह कमी कसं असेल?

असू शकतं. शरीर आधी साठ्यातलं लोह वापरतं आणि साठा संपत आला की मग हिमोग्लोबिन उतरतं. घरातली बरणी रिकामी झाली तरी आजचा स्वयंपाक होतो, तसं. साठा कळतो तो फेरिटिनच्या तपासणीत. १५ च्या खाली म्हणजे साठा संपलेला, आणि केस गळत असतील तर ३० च्या खालीही बरेच डॉक्टर कमीच धरतात. मात्र अंगात ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून ताप गेल्यावर तपासा.

हिमोग्लोबिनची रेषा सांगते: बाईला १२, गरोदर बाईला ११, पुरुषाला १३ ग्रॅमच्या खाली म्हणजे रक्तक्षय. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना तो असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. म्हणजे "अशक्तपणा तर सगळ्यांनाच असतो" हे बायकांचं वाक्य आकड्यांनी खरं आहे, पण म्हणून ते चालवून घ्यायचं नसतं. पाळीत जास्त रक्त जातं का, मूळव्याध आहे का, हे सांगायला लाजू नका. गळक्या टाकीत पाणी भरत राहून उपयोग नसतो.

लोह फार दिवस कमी राहिलं तर नख सपाट होतं, मग मधे खोलगट, चमच्यासारखं. पाण्याचा थेंब ठेवला तर तो ओघळत नाही. असं दिसलं की वाट बघू नका.

५. आपल्या सांगलीचे बेदाणे, गूळ, खजूर, बीट खाऊन हिमोग्लोबिन वाढेल ना?

बेदाण्याला मी नावं ठेवली तर तासगावात पाय ठेवू देणार नाहीत, तरी सांगते. दहा-पंधरा बेदाणे म्हणजे ८-१० ग्रॅम. त्यातून लोह एक मिलिग्रॅमही मिळत नाही आणि पाळी येणाऱ्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅमची शिफारस आहे. गुळात लोह असतं, पण किती ते बनवण्याच्या पद्धतीवर ठरतं, आणि पुरेल एवढा गूळ खाल्ला तर दुसराच आजार. बिटाचा लाल रंग लोहाचा नाही. आवडीनं खा, पण औषध म्हणून त्यांच्यावर विसंबू नका.

लोह खरं मिळतं बाजरी, हुलगा, मटकी, हरभरा, राजगिरा, आळीव आणि पालेभाज्यांतून. खाणाऱ्यांना मटण आणि कलेजीतून, आणि ते अंगीही लवकर लागतं. वनस्पतीतलं लोह शोषायला क जीवनसत्त्वाची सोबत लागते. उसळीवर लिंबू पिळा, जेवणात पेरूची फोड किंवा आवळ्याची चटणी घ्या. कडधान्य भिजवून मोड आणले की शोषणाला अडवणारे घटक कमी होतात. लोखंडी कढईत टोमॅटोची किंवा चिंचेची आमटी केली तर कढईचं थोडं लोहही उतरतं. नॉनस्टिक आल्यापासून या कढया माळ्यावर गेल्यात, त्या उतरवा.

हिमोग्लोबिन १० च्या खाली गेलं असेल तर मात्र निव्वळ जेवणावर ते वर येत नाही. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्याच. शौच काळी होते, घाबरू नका. आकडा वर आला की लगेच बंद करू नका, साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात.

६. चहा सोडावा लागेल का?

सोडू नका, सरकवा. चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवतात. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको, असं आयसीएमआर-एनआयएननं २०२४ च्या मार्गदर्शिकेत सांगितलं आहे. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर गिळणारे मला रोज भेटतात. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी घेऊ नये. एक सकाळी, एक रात्री.

७. आम्ही माळकरी आहोत, अंडं-मटण चालत नाही. बी१२ कुठून आणायचं?

बी१२ प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांतच असतं, म्हणून तुमच्यासाठी दूध, दही, ताक, पनीर. रोज दोन पेले दूध-दही पोटात गेलं तर बऱ्यापैकी काम होतं. पण चहातलं चमचाभर दूध आणि पाण्यासारखं ताक यानं होत नाही. पालेभाज्या, मोड आलेली धान्यं, स्पिरुलिना यांच्यावर बी१२ साठी विसंबता येत नाही, कुणी काहीही सांगो.

कमी पडलं तर हातापायांना मुंग्या, थकवा, जीभ लाल-गुळगुळीत, आणि कातडीवर एक खूण: बोटांच्या पेरांवरचे सांधे काळपट होतात. केस लवकर पिकण्यातही याचा हात असू शकतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर दूध पिऊनही बी१२ उतरतं. अशांनी वर्षातून एकदा तपासून घ्यावं. गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यानं माळ मोडत नाही. हे एका कीर्तनकार आजोबांना समजावताना माझा अर्धा तास गेला होता. शेवटी ते म्हणाले, "औषध हे औषध," आणि विषय संपला.

८. बाळंतपणानंतर झुबकेच्या झुबके जातायत. अंगावरचं दूध बंद करू का?

अजिबात नको. गरोदरपणात केस गळायचे थांबलेले असतात, ते सगळे बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एकदम जातात. बाळ हसायला लागलं की आईचे केस जातात, असं आमच्याकडं म्हाताऱ्या म्हणायच्या. बाळ साधारण त्याच सुमाराला हसतं, म्हणून त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. कारण मात्र प्रश्न २ मधलं. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचे केस परत येतात.

डिंकाचे लाडू, आळिवाची खीर चांगलीच, पण बाळंतिणीला नुसत्या तूप-भातावर ठेवू नका. डाळी, भाज्या, अंडी, फळं सगळं द्या. आणि बाळंतपणात रक्त बरंच गेलं असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. सुईण-बाळंतपणाच्या गडबडीत आईचे रिपोर्ट कुणी बघतच नाही.

९. नवरात्राचे उपवास, श्रावण, शिवाय वजन कमी करायचं डायट. यानं केस जातात का?

नऊ दिवसांनी जात नाहीत. खिचडीतला साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट असलं तरी शेंगदाण्याचं कूट, दूध, राजगिरा, वरी यांनी निभावतं. आठवड्याचे दोन उपवास, वर एकभुक्त, वर "रात्रीचं जेवण बंद" असं महिनोन्‌महिने चाललं की मात्र केस हिशेब मागतात. लग्नाआधी दोन महिन्यांत १० किलो उतरवणाऱ्या मुलींचे केस लग्नानंतरच्या पहिल्या सणाला गळतात. आठवड्याला अर्धा किलोपेक्षा घाई नको.

१०. नखांवर पांढरे ठिपके आलेत. कॅल्शियम कमी झालं का?

नाही. नखाच्या मुळाशी कधीतरी लागलेला मार, दारात चेमटलेलं बोट, दातानं कुरतडणं, याचे ते ठिपके. नखासोबत पुढं सरकतात आणि कापले जातात. उभ्या बारीक रेषा वयानं येतात. नखं पापुद्र्यासारखी सुटत असतील तर बहुतेकदा दिवसभर पाण्यात आणि साबणात हात, किंवा नेलपॉलिश काढायचं द्रव. घासणीच्या साबणासाठी हातमोजे वापरा, रात्री खोबरेल चोळा.

या खुणा मात्र वेगळ्या: नखावर सुईनं टोचल्यासारखे खड्डे (सोरायसिस असू शकतो), बोटांची टोकं फुगून नख पोपटाच्या चोचीसारखं वळणं (फुप्फुस-हृदय तपासा), एकाच नखाखाली वाढत जाणारी काळी पट्टी. या तिन्हींना आहारतज्ज्ञ नको, डॉक्टर पाहिजे. नखुरडं झालं तर त्यालाही.

११. पोराच्या गालावर पांढरट चट्टे आहेत. सासूबाई म्हणतात जंत, मी म्हणते कॅल्शियम. कोण बरोबर?

दोघीही नाही, क्षमस्व. शाळेच्या वयातल्या मुलांच्या गालावरचे हे फिकट, किंचित खरखरीत चट्टे सौम्य इसबाचा प्रकार असतात. ऊन लागून बाकी चेहरा रापतो आणि चट्टे उठून दिसतात, म्हणून मे महिन्यात माझ्याकडं रांग लागते. साधं मॉइश्चरायझर, सौम्य साबण, टोपी. काही महिन्यांत जातात. जंताची अल्बेंडाझोल शाळेत-अंगणवाडीत मिळते ती द्याच, कारण काही जंत आतड्यातून रक्त शोषतात आणि रक्तक्षय होतो. पण चट्टे त्यानं जात नाहीत. चट्ट्याला सुई टोचलेली कळत नसेल, बधिर असेल, तर सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. उपचार मोफत आहे आणि पूर्ण बरा होतो.

१२. मुलीची मान काळी पडलीय. कितीही घासली तरी निघत नाही.

घासू नका, तो मळ नाही. मानेवर, काखेत मखमलीसारखी जाडसर, काळपट कातडी दिसली की बहुतेकदा शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालेलं असतं. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याच प्रश्नावर. या मुलींना घरात "आंघोळ नीट करत जा" म्हणून बोलणी बसतात, पार्लरात ब्लीचचे पैसे जातात, आणि शुगर कुणी तपासत नाही. पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस, मुरुम हेही सोबत असेल तर पीसीओएसची (बीजाशयांच्या आणि हार्मोन्सच्या बिघाडाची) शक्यता धरून स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी मान उजळायला लागते. चहातली साखर, शीतपेयं, बिस्किटं, मैद्याची खारी-टोस्ट आधी काढा. भाताचं प्रमाण अर्धं, उसळीचं दुप्पट. आणि रोज अर्धा-पाऊण तास भराभर चालणं.

१३. तालमीत जातो, व्हे (दुधातल्या प्रोटीनची) पावडर सुरू केल्यापासून पाठीवर मुरुमं आलीत. संबंध आहे का?

असू शकतो. व्हे आणि दुधाचा मुरुमांशी संबंध अभ्यासांत दिसतो, साखर-मैद्याचाही. वडा-भजी खाल्ली की मुरुम येतात या समजुतीला मात्र तेवढा आधार नाही. तीन महिने व्हे बंद करून बघा, त्याऐवजी अंडी, भिजवलेले हरभरे, सोयाचंक, पनीर. थंडाई बंद करायची गरज नाही, तिच्यातली साखर कमी करा. पाठीवर गोल, कडेनं लाल, खाजणारे चट्टे असतील तर ते गजकर्ण, मातीतून-मॅटवरून जोडीदाराकडून आलेलं. त्याचा खाण्याशी संबंध नाही, आणि मेडिकलमधून कुणीतरी दिलेली स्टेरॉइडची ट्यूब लावून ते दाबू नका. आठवडाभर बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं.

१४. सांगलीची हळद दुधातून घेतली तर रंग उजळतो का?

नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हळद साठवायच्या हरिपूरच्या पेवांची (जमिनीखालच्या कोठारांची) ख्याती आहे, त्याचा मलाही अभिमान आहे. पण हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के, आणि तेही पोटातून फार थोडं शोषलं जातं. फोडणीत रोज वापरा. कातडीचा मूळ रंग कोणत्याही अन्नानं बदलत नाही. गालावरचा वांग असेल तर हळदीपेक्षा सनस्क्रीन, छत्री आणि पदर जास्त काम करतात. कर्क्युमिनच्या मोठ्या डोसाच्या कॅप्सूल तर लोह कमी असणाऱ्यांनी टाळाव्यात, त्या लोहाचं शोषण अडवू शकतात.

१५. बायोटिनच्या गमी घेऊ का? सगळ्या मैत्रिणी घेतात.

बायोटिन रोज लागतं ३०-४० मायक्रोग्रॅम, गमीत असतं ५,००० ते १०,०००. खरी कमतरता अगदी क्वचित असते. अंडी, शेंगदाणे, डाळी खाणाऱ्याला ती होत नाही. कच्चं अंडं रोज पिणाऱ्याला होऊ शकते, कारण कच्च्या पांढऱ्यातलं अविडिन बायोटिनला पकडून ठेवतं. अंडं शिजवून खा.

तोट्याचं उदाहरण घरातलंच. माझी मावसबहीण एका ब्यूटी पार्लरच्या सांगण्यावरून चार महिने गमी खात होती. थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये टीएसएच खाली, टी४ वर. थायरॉइड वाढलंय म्हणून घरात रडारड, पुण्याला न्यायची तयारी. मी गमी थांबवायला लावली, आठवड्यानं पुन्हा रक्त दिलं, सगळं नॉर्मल. जादा बायोटिन काही तपासण्यांच्या रसायनात ढवळाढवळ करतं. हार्ट अटॅकच्या ट्रोपोनिन तपासणीतही आकडा खोटा कमी येऊ शकतो, म्हणून अमेरिकेच्या एफडीएनं (औषध नियामक संस्थेनं) २०१७ मध्ये इशारा दिला होता. घेतच असाल तर रक्त देण्याआधी लॅबला आणि डॉक्टरांना सांगा.

१६. जीवनसत्त्वं जास्त झाली तर लघवीतून निघून जातात ना?

सगळी नाही. अ जीवनसत्त्व साठतं आणि फार झालं तर केसच गळतात, गरोदरपणात बाळाला धोका वेगळा. सेलेनियमचंही तसंच. २०२४ च्या डिसेंबर अखेर आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यात काही दिवसांत माणसांची टकलं पडली, ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. आधी पाणी, बुरशी, शाम्पू असे तर्क झाले. नंतर महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडं बोट दाखवलं. पुढं काहींची नखंही गळाल्याच्या बातम्या आल्या. केसांसाठीच्या मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटांवर सेलेनियम हमखास असतं. दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांची पाकिटं एकदम चालू असतील तर पाठीमागची यादी वाचून बेरीज करा.

१७. बोअरचं पाणी जड आहे. त्यानंच केस जातात ना?

जड पाण्यानं केस राठ होतात, साबण नीट निघत नाही, मधेच तुटतात. मुळातून गळण्याचं कारण सहसा दुसरं असतं. हातातला केस बघा: टोकाला बारीक पांढरा गोळा असेल तर मुळातून आलाय, नसेल तर तुटलाय. तुटणाऱ्यांना खोबरेल तेल न्हाण्याआधी तासभर लावल्यानं फायदा होतो, ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रोटीन कमी निघतं. मुळांना मात्र तेलातून खाणं मिळत नाही. कोंडा असेल तर तेल लावून ठेवू नका, कोंड्याच्या बुरशीला तेच आवडतं.

टाचांच्या भेगांबद्दलही विचारतात, त्यांना कोकमाचं तेल उत्तम. खाण्याचा संबंध थोडाच.

१८. टेन्शननं केस गळतात, पिकतात, हे खरं का?

मोठा धक्का बसला, घरात कुणी गेलं, परीक्षेचं वर्ष फार ताणाचं गेलं, तर प्रश्न २ सारखी गळती होते. टेन्शनमध्ये लोक जेवणं टाळतात, चहावर राहतात, रात्री दोनपर्यंत मोबाईल बघतात. मला दिसतं ते हे सगळं मिळून. सोरायसिस, इसब, मुरुम ताणानं उसळतात, हेही खरं. नकळत केस उपटायची किंवा नखं कुरतडायची सवय लागलेली मुलं दहावी-बारावीत बरीच येतात. त्यांना ओरडू नका, समुपदेशकाकडं न्या.

विशीत केस पिकण्यात बापाचे-आजोबांचे केस कधी पिकले याचा वाटा सगळ्यात मोठा. बी१२, लोह, थायरॉइड तपासावं आणि सिगरेट सोडावी. तपासण्या नीट आल्या तर मेंदी किंवा डाय, आणि पुढं चला. डाय लावल्यावर डोळे-कान सुजले तर पुन्हा लावू नका.

१९. चाई पडलीय. लसूण घासून काय खाऊ?

लसूण घासू नका, भाजतं. चाईत शरीराची स्वतःचीच संरक्षक फौज केसांच्या मुळांवर उलटते. ती खाण्यानं येत नाही, खाण्यानं जात नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडं लवकर गेलात तर इंजेक्शन-मलमानं बऱ्याच जणांचे केस परत येतात.

२०. द्राक्षबागेत डिपिंगला (घड औषधात बुडवायला) जाते. नखं पिवळी-काळी पडलीत, बोटं सोलतात. काय खाऊ?

हा प्रश्न पलूसकडच्या एका ताईंनी व्हॉइस मेसेजवर विचारला, आणि नंतर तसेच आणखी सहा-सात आले. ताई, यात खाण्याचा भाग थोडा, पाण्याचा आणि औषधाचा जास्त. दिवसभर औषधाच्या पाण्यात हात घालून घड बुडवायचे म्हणजे कातडीवरचा नैसर्गिक तेलकट थर निघून जातो, मग औषध आत लागतं. लांब बाह्यांचे रबरी हातमोजे मालकाकडून मागून घ्या, ती मेहेरबानी नाही. मोज्याच्या आत पाणी गेलं तर काढून हात पुसा, ओला मोजा उघड्या हातापेक्षा वाईट. सुटी झाली की साध्या पाण्यानं हात धुवा आणि जेवायच्या आधी पुन्हा धुवा. रात्री व्हॅसलीन. नखाची कड सुजून पू आला तर दाखवा.

आणि डब्यात भाकरी-चटणीबरोबर मूठभर शेंगदाणे किंवा दोन उकडलेली अंडी न्या. सकाळी सहाला निघून दुपारी चारला परत येणाऱ्या बाईला चटणी-भाकरी पुरत नाही. पुढच्या छाटणीच्या हंगामात नखाच्या मुळाकडचा भाग कसा येतोय त्याचा फोटो पाठवा. टोक नको, मूळ. नवीन नख तिथूनच येतं.